उत्तर काढू नका

सकाळी साडेसहाची बॅच.
नागपुरात मे महिन्यात याहून उशिरा गणित होत नाही.
नंदनवनच्या या पत्र्याखाली तर नऊनंतर
खडूसुद्धा गरम लागतो.
कूलरचा पंप आज पुन्हा रुसलाय,
वाळ्याच्या ताट्या कोरड्या,
आणि सव्वीस जण वह्यांनी वारा घेत
माझ्याकडे बघतायत.

हे बघा, मी म्हणते,
बालवाडीपासून तुम्हाला सांगितलं, उत्तर काढा.
डेटा सफिशियन्सीत काढायचं नाही.
निघेल का, एवढंच विचारलंय.
विहिरीत खडा टाका, आवाज ऐका.
पाणी आहे हे कळलं की वळा मागे,
पोहरा सोडत बसू नका, घड्याळ चालू आहे.

पहिलं विधान वाचा, दुसऱ्यावर तळहात ठेवा.
मग दुसरं वाचा आणि पहिलं विसरा.
खरंच विसरा,
शेजारणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट
आपल्या दारात येईपर्यंत विसरावी तशी.
(कोणी विसरत नाही. म्हणून तर मार्क जातात.)
दोघंही एकेकटे लंगडे निघाले
तरच त्यांना एका ऑटोत बसवा.

आणि "नाही" हेसुद्धा उत्तर आहे.
ठाम "नाही" मिळालं, तर माहिती पुरेशी.
कधी हो, कधी नाही, ते मात्र अपुरं.
खिडकीजवळची तेजस्विनी खुदकन हसते.
तिचं तिला माहीत.

क्ष दिसला की लगेच दोन धरता, तीन धरता.
काऊन? बाकीच्यांनी तुमचं काय खाल्लं?
अर्धा घालून बघा. उणे घाला. शून्य घाला.
झिरो माईलच्या गावात राहता
आणि शून्यच विसरता बावा तुम्ही!

शेवटचं: विधानं खरी मानायची.
पेपर काढणाऱ्याने लिहिलं म्हणजे झालं.
त्याच्याशी भांडायचं नाही.

मग ते वयाचं गणित आलं.
वडिलांचं आजचं वय किती?
एक, वडील मुलाच्या तिप्पट वयाचे आहेत.
दोन, बारा वर्षांनी ते मुलाच्या दुप्पट वयाचे होतील.

लोकेश पराते, मागच्या भिंतीशी.
गोळीबार चौकातून सायकलने येतो, घरोघरी पेपर टाकून.
बोटांना शाई, वहीच्या कडांना ठसे.
चार सेकंदही लागले नाहीत.
"दोन्ही मिळून, मॅडम."
पेन उचललंच नव्हतं त्याने.

शाब्बास म्हणून थांबायला हवं होतं.
पण हा हात,
एकोणीस वर्षं खडू धरलेला,
याला अर्ध्यात सोडवत नाही काही.
मांडलं, कंस फोडला,
चोवीसातून बारा गेले,
मुलगा बारा, बाप छत्तीस.
खाली दोन रेघा, सवयीने.

लोकेश फळ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, अगदी साधं,
पाण्याची बाटली कुठे भरायची विचारावं तसं,
"बरोबर आहे. मी बाराचाच होतो.
बाबा छत्तीसचे.
फक्त ते दुसरं विधान..."
आणि थोडं थांबून,
"पण खरं मानायचं ना?
तुम्हीच तर सांगून राहिल्या."

कोणी वारा घेत नव्हतं.
मी डस्टर शोधलं, ते टेबलावरच होतं.
छत्तीस पुसले. रेघा पुसल्या.
पुढचा प्रश्न, म्हटलं, पान एकेचाळीस,
आणि सगळ्यांनी पानं उलटली,
त्यानेही.

दुपारी हजेरीच्या रजिस्टरला
त्याचा फॉर्म टाचलेला दिसला.
पूर्ण नाव. मोबाईल. चालू वय: चोवीस.

म्हणजे बारा वर्षं झाली.
म्हणजे दुसऱ्या विधानातलं साल हेच.
पुढची एकच पायरी उरली होती,
तोंडी होण्यासारखी.

माहिती पुरेशी होती.
मी उत्तर काढलं नाही.